टीव्हीचं खोकं आणि दोन पायल्या ज्वारी : एका घराच्या दिवाळीचं प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातलं, 2025 च्या दिवाळीचं. मी तालुक्यात बचत गटांच्या वह्या तपासते आणि बायांना हिशेब लिहायला शिकवते. ज्या घराबद्दल लिहिते आहे, त्या घरची बाई आमच्या एका गटाची सचिव. तिनंच आपली घरखर्चाची वही पुढं केली. "लिहा ताई, पण नाव नका टाकू," म्हणाली. म्हणून नाव नाही, गावही नाही. आकडे मात्र तिच्या वहीतलेच आहेत.

वही पहिल्यांदा चाळली तेव्हा मी मनातल्या मनात शिक्का मारून मोकळी झाले होते : उधळपट्टी. असली प्रकरणं दरवर्षी दोन-चार येतात. दिवाळीला हौस, डिसेंबरात बोंब. पण तीच पानं दुसऱ्यांदा वाचली आणि शिक्का पुसावा लागला. का, ते पुढं येईलच.

घर आणि हंगाम

घरात पाच माणसं. सत्तरी ओलांडलेली बुढीमाय, तिचा कास्तकार मुलगा, सून म्हणजे आमची सचिवबाई, आयटीआय करून घरी बसलेला नातू आणि बारावीतली नात. वावर सहा एकर, सगळं पावसाच्या भरवशावर. चार एकर पराटी म्हणजे कपाशी, दोन एकर सोयाबीन. दावणीला बैलजोडी, एक गाय, एक कालवड. गाय-कालवड सकाळी आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात तिथं जाते, तिथून गायकीच्या, म्हणजे गुराख्याच्या मागं रानात, आणि दिवस बुडता परत घरी. जनावरामागं महिन्याला दीडशे रुपये चराई.

त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन झोपवलं. एरवी दोन एकरांत चौदा क्विंटल होणारं पीक सातवर आलं. हमीभाव होता 5,328 रुपये. ओल्या, डागी मालाला बाजारात भाव मिळाला 3,850. आले 26,950. सोंगणीचे 6,000, मळणीचे 2,100, भाडं-हमालीचे 850 गेले. हातात उरले बरोबर 18,000. त्यातले चार हजार कृषी केंद्रवाल्याला दिले, त्याचे पाच हजार तरीही राहिलेच. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर घरात रोख चौदा हजार.

आता कापसाचं. आमच्याकडं खरी दिवाळी कापूस करतो, पण त्याची आणि पंचांगाची दरवर्षी गाठ पडतेच असं नाही. चांद्रवर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं. अधिक महिना येईपर्यंत दिवाळी दरवर्षी तेवढी मागं सरकते. 2023 साली लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2024 ला 1 नोव्हेंबरला, आणि 2025 ला थेट 21 ऑक्टोबरला. पराटीला पंचांग कळत नाही. जूनच्या शेवटी टोबलेलं बियाणं ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात जेमतेम फुटायला लागतं. तीन वर्षांत सण तीन आठवडे अलीकडं आला आणि कापसाचा पैसा होता तिथंच राहिला. लोक म्हणतात पोरं ऐकत नाहीत, मोबाईलनं डोकी फिरवली. असेलही. पण 2025 च्या उधारीचं निम्मं कारण मला या तीन आठवड्यांत दिसतं. ते कोणी बोलून दाखवत नाही, कारण त्यात शिव्या द्यायला माणूस सापडत नाही.

धनत्रयोदशीचा शनिवार

जुना टीव्ही जुलैत वीज पडली तेव्हा गेला होता. तेव्हा टीव्ही घेणं ही चैन नव्हती. बुढीमायचं संध्याकाळचं कीर्तन बंद पडलं होतं. ठरलं होतं बत्तीस इंची घ्यायचं, साडेअकरा हजारांत.

18 ऑक्टोबरला कास्तकार, बायको आणि पोरगा असे तिघं तालुक्याला गेले. दुकानाबाहेर मांडव, झेंडूच्या माळा, ढोल, आणि जीएसटी कमी झाल्याचा मोठा फलक. फलक खोटा नव्हता. 22 सप्टेंबर 2025 पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला होता. मेख एवढीच, की बत्तीस इंचीवर तो आधीपासूनच 18 होता. म्हणजे 'स्वस्त' झालेला माल मोठा होता. दुकानातल्या पोरानं तेच तर सांगितलं : काका, यावर काहीच सूट नाही, त्रेचाळीस पाहा. मोबाईलवरही कर 18 चा 18 च होता. तरी मांडव एकच, आणि त्या मांडवात सगळंच स्वस्त वाटत होतं.

मागल्या भाऊबीजेला नागपूरहून आलेला भाचा म्हणून गेला होता, "मामा, टीव्ही एवढासाच?" नऊ वर्षांचं पोर, त्याला काय कळतं. पण कास्तकारानं ते वर्षभर मनात ठेवलं होतं. हे त्यानं स्वतः मला सांगितलं, मान खाली घालून.

त्रेचाळीस इंची टीव्ही 25,000 चा. बारा हप्ते, त्यातले चार आगाऊ, 'झिरो टक्के'. टेबलावर टॅब घेऊन बसलेल्या पोरानं आधार, पॅन घेतलं, फोटो काढला. ओटीपी आला बाईच्या फोनवर. "सांगा काकू." काकूंनी सहा आकडे सांगितले आणि आठ महिन्यांचं देणं झालं. चार आगाऊ हप्त्यांचे 8,332, प्रोसेसिंग फी 999, भिंतीच्या स्टँडचे 600. मग पोराचा फोन, त्याचे रोख 3,500 आणि पुढं दहा महिने 1,450. त्या एका शनिवारी चौदा हजारांतले 13,431 गेले. घरी परतताना खिशात 569 रुपये. कपडे उधारीवर, 6,200 चे. फराळाचा किराणाही उधारीवर, 3,400 चा.

'झिरो टक्के'चा हिशेब मी गटाच्या बैठकीत खडूनं मांडून दाखवला होता, तो इथंही देते. चार हप्ते आधीच भरल्यावर उधार उरले 16,668. तेही आठ महिन्यांत थोडे थोडे फिटत जातात. तेवढ्या रकमेवर 999 फी म्हणजे वर्षाला सोळा-सतरा टक्के व्याज झालं. रोखीनं घेणाऱ्याला त्याच दुकानात 1,500 कमी लागत होते. तेही धरले तर व्याज चाळीस टक्क्यांच्या वर जातं. रिझर्व्ह बँकेनं 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात बँकांना बजावलंच होतं, की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसते, ते फीच्या पोटात लपवलेलं असतं. बारा वर्षांनंतरही पाटी तीच आहे. आणि गंमत पाहा : जीएसटी कमी झाल्यानं या टीव्हीमागं साधारण 2,100 रुपये वाचले; फी आणि हुकलेली सूट मिळून गेले 2,499. सरकारनं दिलेलं दुकानाच्या उंबऱ्यातच संपलं.

इथवरचं प्रकरण तसं नेहमीचंच.

खोकं

22 ऑक्टोबर, बुधवार, पाडवा. आमच्याकडं त्या दिवशी गायगोधन. सकाळी गाई धुतात, शिंगं रंगवतात, गळ्यात माळा बांधतात. आखरावर शेणाचं गोधन मांडतात आणि त्यावरून गाई नेतात. डफडं वाजतं, ढाल निघते, गोवारी समाजातली माणसं नाचत-गात घरोघर येतात. पोळ्याला बैलाचं जे असतं तेच इथं गायीचं, आणि गायीबरोबर तिला वर्षभर राखणाऱ्याचं. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून म्हणतात ना, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या", तसं गायकीला आवतन लागत नाही. तो येतोच. घरच्या बाईनं गायीला ओवाळायचं आणि गायकीच्या ओटीत घरचं देणं घालायचं.

या घराचं देणं बुढीमायच्या लग्नापासून ठरलेलं : दोन पायल्या ज्वारी, धोतर-सदरा, फराळाचं भरलं ताट, वर काही रोख. 2024 च्या वहीत ते नीट लिहिलेलं आहे. ज्वारी 300, कपडे 650, रोख 101. शिवाय निंदणाला आलेल्या सहा बायांना फराळाचा एकेक पुडा आणि साठ रुपयांचा ब्लाऊजपीस. फराळासकट सगळं दोन हजारांच्या आत. 2025 च्या पानावर त्या जागी एकच ओळ आहे : गायकी, 51.

गायकी आला तेव्हा घरात पाहुणे होते. टीव्ही आदल्याच दिवशी भिंतीवर चढला होता, सगळे त्यासमोर. बाईनं गायीला ओवाळलं, ताटलीत शेव-चिवडा आणि वर पन्नासाची नोट नि एक रुपया ठेवला. गायकीबुढ्यानं ते पदरात घेतलं, काही बोलला नाही. निघता निघता त्याची नजर ओसरीतल्या खोक्यावर गेली. टीव्हीचं रिकामं खोकं भिंतीला टेकवून ठेवलं होतं, आत पांढरं थर्माकोल.

"हे खोकं नेऊ काय बाई?"

"न्या ना आबाजी. जागाच अडवून राह्यलं."

"थंडी सुरू होईन आता. नातवाच्या उशापाशी लावतो. कुडातून वारा लय येते."

त्यानं खोकं उघडून चपटं केलं, थर्माकोलचे दोन्ही तुकडे सुतळीनं वर बांधले आणि डोक्यावर घेतलं. रंगवलेल्या शिंगांची गाय पुढं, डफडं पुढं, आणि मागून त्रेचाळीस इंचांचं खोकं डोक्यावर घेतलेला म्हातारा. त्यावर टीव्हीचं रंगीत चित्र, चित्रात निळा समुद्र. बाई सांगत होती, तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं, यंदा त्याला आपल्या घरून मिळालं ते एवढंच. आपला कचरा.

बुढीमायनं पाहिलं होतं. ती त्या दिवशी काहीच बोलली नाही. रात्री जेवताना तिनं फक्त विचारलं, "ज्वारी सरली काय वं?"

ज्वारी कुठं गेली

या प्रश्नाशी मी अडले, आणि माझा शिक्का इथंच पुसला गेला.

ज्वारी सरली नव्हती, घरात नव्हतीच. या वावरात ज्वारी शेवटची पेरली त्याला वीस वर्षं होऊन गेली. विदर्भात सोयाबीन पसरलं तशी ज्वारी मागं हटत गेली. ती पाखरं खातात, रानडुकरं लोळवतात, आणि भाव मिळत नाही. बुढीमायच्या उमेदीत कोठीत ज्वारी असायची. गायकीला दोन पायल्या द्यायच्या तर कोठीत हात घालायचा. त्यासाठी कुणाला विचारायचं नव्हतं, पाकीट उघडायचं नव्हतं. ती देण्याची ज्वारी आणि दुकानातली वस्तू यांची कधी समोरासमोर गाठच पडायची नाही. देणं कोठीतून, घेणं पेटीतून.

सोयाबीन कुणाच्या ओटीत घालता येत नाही. ते आडतीत जातं आणि नोटा होऊन घरी येतं. मग टीव्ही, फोन, कृषी केंद्र, किराणा आणि गायकीची ज्वारी हे सगळे एकाच खिशासमोर रांगेत उभे राहतात. रांगेत पुढं कोण घुसतं? ज्याची तारीख ठरलेली आहे तो. हप्त्याची तारीख पाच. ननंदेच्या साडीची तारीख भाऊबीज. ती चुकली तर रुसवा. यंदाही साडी चुकली नाही, 900 ची उधार आणली, कपड्यांच्या त्या 6,200 मध्ये ती धरलेली आहे. गायकीचं देणं चुकलं तर काय होतं? काही नाही. दुसऱ्या दिवशी गाय रानात जातेच.

आमच्या बोलीत उठता-बसता 'धन्यवाद' म्हणायची रीत नाही. तो शब्द मंचावरचा, सूत्रसंचालन करणाऱ्याचा. उपकाराची जाण दाखवायची ती हातानं : बैलाच्या खांद्याला लोणी लावून, दिवाळीला उकिरड्यावरही पणती ठेवून, वेचणीच्या आरंभाला पराटीजवळ दहीभात ठेवून. या शेवटच्या रीतीला सीतादही म्हणतात. म्हणून हातातून वस्तू गेली की शब्दानं भरून काढायची सोयही आमच्यापाशी नाही.

पण बलुत्याच्या दिवसांचं गुळगुळीत चित्र मला रंगवायचं नाही. दारात उभं राहून ओटी पसरायची आणि मालकीणबाईनं वरून घालायचं, यात जातीची उतरंडही होती. गायकीचा नातू बावीस वर्षांचा आहे, पुसदकडं एका गोदामात काम करतो. धाकट्या भावाच्या उशाशी आजोबानं लावलेलं खोकं पाहून तो चिडला होता. "त्यायनं देल्लं अन् तू आणलं," एवढंच म्हणाला. मी त्याला विचारलं, ज्वारी दिली असती तर चाललं असतं का? त्यानं खांदे उडवले. "घरी आणून देते काय कोनी?" त्याच्या हातात नवा फोन होता. हप्त्यावरचाच. हेही लिहायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की एका घरात हाव आणि दुसऱ्या घरात साधेपणा. तसं काही नाही. दिवाळीचा तो मांडव सगळ्यांसाठी एकच होता.

वेचणी

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आणि पराटी एकदम फुटली. पहिल्या वेच्याला बाया हव्या होत्या. ज्या सहा जणींनी जुलै-ऑगस्टात चिखलात बसून निंदण केलं होतं, त्यांना सांगावा धाडला. किलोला दहा रुपये. त्या आल्या नाहीत. शेजारच्या गावचा कास्तकार अकरा देत होता आणि ने-आण करायला ऑटो. चार दिवसांनी येतो म्हणाल्या.

त्या चार दिवसांत वादळ आलं. मोंथा चक्रीवादळ 28 ऑक्टोबरच्या रात्री आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं आणि पाठोपाठ आमच्याकडं पाऊस झाला. फुटलेली बोंडं भिजली, कापूस बोंडातच लोंबला, पिवळा पडला. सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, आठ ते बारा टक्क्यांतली ओल चालते, त्यावर गाडी परत. हा माल केंद्रावर नेण्याच्या लायकीचा नव्हताच. खेडा खरेदीवाल्यानं चार क्विंटल 6,200 नं उचलला. कोरड्याला तो तेव्हा 7,000 देत होता. तुटीचे 3,200 झाले.

याचा अर्थ ब्लाऊजपीस न दिल्यानं कापूस भिजला, असा लावायचा मोह होतो. गोष्ट सांगणाऱ्याला तो फार सोयीचा. मी त्या सहांतल्या दोघींना भेटले. पहिली हसली. "पुड्यासाठी कोन रुसते ताई? रुपया जास्त भेटला, ऑटो होता, गेलो." दुसरी जरा थांबून म्हणाली, "तसं नाई. पण निंदाच्या वक्ताले माय-माय करे. दिवाळीत रस्त्यानं भेटली तं टीवीचंच सांगे. आमाले काई इचारलंच नाई, म्हून आमीबी इचार केला नाई." मला वाटतं खरं या दोघींच्या मधे कुठंतरी आहे. रुपयानं त्या गेल्या. आधी याचं वावर करू, मग तिकडं जाऊ, असं म्हणण्याइतका ओलावा मात्र त्या वर्षी उरला नव्हता. तो असता तर चार दिवस मिळालेच असते, असंही मी छातीठोकपणे सांगणार नाही.

5 नोव्हेंबरला टीव्हीचा हप्ता खात्यात पैसे नसल्यानं परत गेला. बँक आणि कंपनी मिळून दंडाचे 885 लागले. त्याच आठवड्यात बाईच्या मायक्रोफायनान्सचा 2,150 चा हप्ता होता. तो लाडक्या बहिणीच्या 1,500 त किराण्याचे पैसे घालून भरला. वसुलीचा पोरगा घरी आला, वयानं यांच्या पोराएवढाच. ओरडला नाही. ओसरीत बसला, पाणी प्याला, टीव्हीकडं पाहत म्हणाला, "काकू, फोन तं उचलत जा."

गटाची बैठक

नोव्हेंबरच्या बैठकीत मी वरचा खडूचा हिशेब मांडला. बाया गप्प. मग मी जे नको तेच केलं, गाडगेबाबांचं नाव काढलं. बाबा आमच्या वऱ्हाडचे, कर्ज काढून सण करू नका हे कीर्तनात जन्मभर सांगत फिरले. सगळ्यांच्या माना डोलल्या, जशा दरवर्षी डोलतात. मला मेलं तेवढ्यानंच समाधान व्हायचं.

तेव्हा सचिवबाई उभी राहिली आणि खोक्याची गोष्ट तिनं सांगितली, मला नाही, बायांना. शेवटी म्हणाली, "हप्तेवाला घरी येते. गायकी काई मांगाले येत नाही. म्हून त्याचं राह्यलं."

बैठक पेटली. एक म्हणाली, मग काय टीव्ही घ्यायचाच नाही? मोठ्या लोकांच्या घरी दोन-दोन असतात, तिथं कोणी हिशेब मांडायला जात नाही. हे मला लागलं, कारण खरं होतं. जीएसटी उतरल्याच्या आठवड्यात मी स्वतः स्कूटर घेतली होती, आणि माझ्याकडं पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना दिवाळीला काय दिलं हे मला आठवावं लागलं. एक डबा सोनपापडी. तोही कुणीतरी मला दिलेला.

दुसरी, मजुरी करणारी, म्हणाली, "मी कोनाले देऊ बाई? मलेच भेटाले पायजे." त्यावर खूप हसल्या सगळ्या, आणि हसता हसता तिला विचारलं गेलं, तुला कोण कोण देतं आणि कोण बंद झालं. तिनं बोटं मोजली. सात घरं होती, आता दोन. बंद झालेल्या पाचांतली तीन घरं त्याच बैठकीत बसलेली होती. नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

ठराव झाला तो अगदी साधा. जानेवारीपासून महिन्याला शंभर रुपये वेगळ्या पानावर टाकायचे, दिवाळीच्या आधी काढायचे. बारा बाया, ऑक्टोबरपर्यंत दहा महिने, प्रत्येकीचे हजार. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यानं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, तेव्हा जरा उसंतही मिळेल. त्या हजारातलं आधी कुणाला द्यायचं यावर एकमत झालं नाही. मी आग्रह धरला नाही. देणं ठरावानं होत नाही, आणि ठरावानं झालं तर त्या मजूरबाईला कुणीतरी वरून ओटीत घातल्यासारखंच होईल. टीव्ही-फोनच्या हप्त्याआधी रोखीचा भाव विचारायचा, एवढं मात्र सगळ्यांनी पाठ केलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात या घराचा सहा क्विंटल कोरडा कापूस सीसीआयच्या केंद्रावर लागला. ॲपवर नोंदणी पोरानं त्याच नव्या फोनवरून केली होती. फोन अगदीच वाया गेला नाही, हे कास्तकारानं मला दोनदा ऐकवलं. पैसे खात्यात पडले, डिसेंबरचा थकलेला हप्ता त्यातून लगेच कापला गेला. उरलेल्यातून बाईनं बाजारातून दोन पायल्या ज्वारी आणि एक सदरा घेतला. धोतर नाही घेतलं. आबाजी आताशा पायजमाच घालतात, हे तिच्या यंदा लक्षात आलं. सहाही बायांना तिनं वावरातच तीळगूळ आणि रेवड्यांचा पुडा दिला, वेचणी चालू असताना. पुडा घेताना एकीनं विचारलं, "संक्रांत आताच आली काय?"

ज्वारी घेऊन ती गायकीच्या घरी स्वतः गेली. आबाजी रानात होते. खोकं कुडाला आतून खिळ्यांनी ठोकलेलं, निळा समुद्र उलटा, थर्माकोल बाजेखाली. बुढीनं ज्वारी ओतून घेतली, "आता दिवाळी कायची वं?" म्हणाली, आणि रिकामी पायली परत द्यायची नसते म्हणून तीत बोरं भरून दिली.

ती बोरं बाईनं जानेवारीच्या बैठकीला आणली होती. शंभर-शंभर रुपये गोळा होत असताना पायली हातोहात फिरली. माझ्या वाट्याला दोन आली. एक गोड होतं, एक आंबट.